लेबल निघतं हो, मागचा चिकटा निघत नाही

कॉफीच्या, मधाच्या, जॅमच्या काचेच्या बाटल्या टाकवत नाहीत, आणि टाकाव्यात तरी का, मे महिन्यात लोणचं घालायला घेतलं की बरण्या कमीच पडतात. सगळं अडतं ते लेबलपाशी. जो तो सांगतो गरम पाण्यात टाक, पण लेबल कशाचं आहे ते न बघता पाण्यात टाकून काही होत नाही.

म्हणून आधी लेबलच्या कोपऱ्याला नख लावून बघा. फाटलं तर कागद, ताणलं तर प्लास्टिक, आणि नखाला कडच लागली नाही तर ती थेट काचेवरची छपाई.

कागदाचं सोपं आहे. झाकण काढा, बाटलीत पण पाणी भरा नाहीतर ती बादलीत तरंगत बसते, आणि भांड्यांचा साबण घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. हट्टी असेल तर लिटरभर पाण्याला दोन चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून. यात अ‍ॅल्युमिनियमचं झाकण टाकू नका, काळं पडतं.

प्लास्टिकच्या लेबलमधून पाणी आतच जात नाही, त्यामुळे रात्रभर भिजवलं तरी ते सकाळी तसंच. त्याला उष्णता लागते. हेअर ड्रायर असेल तर मिनिटभर फिरवा, नसेल तर बाटलीच्या आत गरम पाणी भरा, पण आधी कोमट आणि मग कढत, फ्रीजमधली गार बाटली असेल तर काच तडकलीच म्हणून समजा. गोंद मऊ झाला की कोपरा उचलून हळूहळू, काचेला जवळजवळ लागूनच मागे ओढत न्या. झटका दिला की अर्धं हातात आणि अर्धं बाटलीवर.

आता खरी कटकट, तो मागे राहिलेला चिकटा, ज्याला धूळ, पीठ, केस सगळं येऊन बसतं. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, तेलानं मात्र सुटतो. गोडं तेल आणि खायचा सोडा सारखेच घ्या, दाटसर लेप करा, चिकट्यावर थापा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. मग बोटांनीच गोल गोल चोळा, करड्या रंगाच्या बारीक वळ्या सुटायला लागतात, अंग चोळताना मळ निघतो ना तशा. वळ्या सुटायच्या थांबल्या की भांड्यांच्या साबणानं दोनदा धुवा, एकदा धुतलं तर तेलकटपणा राहतोच. खोबरेल पण चालतं, थंडीत थिजलेलं असेल तर उलट बरं, ओघळत नाही. घाईनं तारेची घासणी घेऊ नका, काचेवर ओरखडे उठू शकतात. रॉकेलनं पण गोंद जातो हे खरं, पण खायचं ठेवायच्या बाटलीला मी तरी ते लावणार नाही. अगदीच नाही निघालं तर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर, बाहेरच्या बाजूनंच, खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब. बुडाशी किंवा मानेवर छापलेली ती ठिपक्या-ठिपक्यांची तारीख बहुतेक वेळा कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसली तरी जाते.

काचेवरच्या छपाईचं म्हणाल तर, जुन्या सोडा-सरबताच्या बाटल्यांवर असते तशी ती असेल तर नाद सोडा. तो रंग साधारण 600 अंशांच्या भट्टीत काचेवर भाजून बसवलेला असतो, तेल, सोडा, रिमूव्हर कशालाच दाद देत नाही. आणि पॉलिश पेपरनं घासायला तर अजिबात जाऊ नका, जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असायचं, ती पूड नाकातोंडात कशाला घ्यायची. त्यात मनी प्लांट लावा, छान दिसतो.

राहिलं झाकण. आधीच्या मालाचा वास बसला असेल तर दोन दिवस कडक उन्हात पालथं न घालता उताणं ठेवा, आणि आतलं अस्तर फुगलं असेल किंवा कडेला गंज दिसला तर झाकण टाकून द्या, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधून डाळी-कडधान्यं आरामात राहतात, लोणचं मात्र त्यात नको.