नवरात्राआधी बोली ठरवून ठेवा

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचे चप्पलवाले घटस्थापनेआधीच माल भरून ठेवतात. गूगलवर जाहिरात द्यायची असेल तर तिचीही तयारी तेव्हाच उरकावी, कारण ऐन गर्दीत मोबाईल उघडून बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, वाढवत बसणं म्हणजे पैसे घालवणं.

आधी कागदावर हिशोब मांडा. एका जोडामागे ४०० रुपये सुटतात आणि जाहिरातीवरून येणाऱ्या १०० जणांतले ४ जण खरेदी करतात असं धरलं, तर एका क्लिकला १६ रुपये मोजल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. म्हणजे बोली दहा-बारा रुपयांच्या पुढे नको, मग शेजारचा कितीही लावू दे.

बोली जास्त म्हणजे शोधाच्या निकालांत जाहिरातीची जागा वर, हा समज १९९८ च्या गोटू डॉट कॉम या शोधाच्या संकेतस्थळाच्या काळात खरा होता. गूगलने २००२ पासून बोलीला जाहिरातीच्या दर्जाची जोड दिली. आज जागा ठरते ती बोली, क्लिक होण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दाशी जाहिरातीचा मेळ, उघडणारं पान, शिवाय गिऱ्हाईक कुठून, कोणत्या वेळी, कशावर शोधतंय यावरून. समजण्यापुरतं सोपं गणित करा: एकाची बोली १६ आणि दर्जा ४, म्हणजे ६४. तुमची बोली १० आणि दर्जा ८, म्हणजे ८०. वर तुम्ही! आणि पैसेही पूर्ण दहा जात नाहीत. ६४ ला मागे टाकण्यापुरते, म्हणजे आठ रुपयांच्या किंचित वर. खरं सूत्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण दिशा हीच.

म्हणून बोलीला हात लावण्याआधी पान तपासा. ‘कापशी चप्पल’ शोधणाऱ्याला दुकानाचं मुखपृष्ठ दाखवू नका, थेट कापशीचे जोड, किंमत, मापं दिसू देत. साध्या मोबाईलवर पान झटकन उघडतंय का, तेही बघा.

शब्दांची यादी करताना नुसतं ‘कोल्हापुरी’ मोकळं सोडू नका, नाहीतर साज, मिसळ, मटण मसाला, सगळं तुमच्या खर्चाने शोधलं जाईल. हे वगळायचे शब्द म्हणून आधीच घाला. पुण्या-मुंबईला माल पाठवत नसाल तर ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘या भागात असलेले’ एवढंच ठेवा. मुळात तिथे या भागात रस असलेलेही धरलेले असतात.

रोजचं बजेट ५०० ठेवलं तरी एखाद्या दिवशी १००० पर्यंत जाऊ शकतं, महिन्याचा आकडा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या आत राहतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

जागा बघायला स्वतःच गूगलवर पुन्हा पुन्हा शोधू नका. त्याने दिसण्याचे आकडे फुगतात, क्लिकचं प्रमाण घसरतं. गूगलच्या जाहिरात-अहवालातला सरासरी जागेचा रकाना २०१९ मध्येच गेला. आता वरच्या भागात आणि अगदी पहिल्या जागी किती टक्के वेळा दिसलो, ते पाहायचं. माझं मत विचाराल तर पहिल्या जागेचा हट्ट धरू नये; दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरून स्वस्तात विक्री होत असेल तर बिघडलं कुठं?

बोली बदललीत तर आठवडाभर तरी तिला हात लावू नका. आणि रात्री फोन उचलायला कोणी नसेल, तर कॉलचं बटण तेवढ्या तासांपुरतं वेळापत्रकातून काढून ठेवा.