रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आणि पोटात अचानक गोळा? या चुका टाळा

ठाण्यात पावसाळा लागला की खोकल्याचे पेशंट वाढतात, आणि त्यातले काही आठवड्याभरात पोट धरून येतात. वय सत्तरीच्या आसपास, बहुतेक वेळा बाई, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू. जोरात खोकला येतो, नाभीच्या खाली एका बाजूला कळ येते आणि तिथे गोळा लागतो. हा रक्तस्राव पोटात नसतो, पोटाच्या भिंतीतल्या स्नायूत असतो. नाव रेक्टस शीथ हिमॅटोमा. वेळेत ओळखला तर बहुतेक जण ऑपरेशनशिवाय बरे होतात. तरीही त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून हे लिहिते आहे. नाइट ड्युटी करणाऱ्या आरएमओंनी (हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरांनी) तर वाचाच, पण घरच्यांनीही वाचावं.

पोट ताणून न बघणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती टाळायला एक पैसा लागत नाही.

कासारवडवलीच्या एक आजी. हृदयाची मायट्रल झडप अरुंद, ठोके अनियमित, अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू. खोकल्यासाठी कुणीतरी अझिथ्रोमायसिन दिलं. अ‍ॅसिट्रॉमबरोबर हे औषध आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं पातळ) वाढवू शकतं, पण आयएनआर तपासायला कुणी सांगितलं नाही. चार दिवसांनी खोकताना उजवीकडे खाली कळ आली. एका नर्सिंग होममध्ये आधी गॅसचं औषध दिलं, मग कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. रात्रभर दुखणं वाढत गेलं, तेव्हा अपेंडिक्स म्हणून सर्जनला फोन गेला.

आमच्याकडे आणलं तेव्हा चेहरा पांढराफटक, वरचं बीपी 90, आणि पल्स 78. मुलगा म्हणाला, "पल्स नॉर्मल आहे, घाबरू नका म्हणाले." आजींना मेटोप्रोलॉल ही ठोके मंद ठेवणारी गोळी चालू होती. ती गोळी घेणाऱ्या माणसाची पल्स रक्त गेलं तरी वाढेलच असं नाही.

मी म्हटलं, "आजी, हात छातीवर घ्या आणि उशीवरून फक्त डोकं उचला." डोकं उचलताच त्या कळवळल्या, आणि गोळा माझ्या हाताखाली तसाच घट्ट राहिला. गोळा पोटाच्या आत असता तर स्नायू ताणल्यावर तो मागे दडला असता आणि दाबल्यावरचं दुखणंही कमी झालं असतं. कार्नेट नावाच्या सर्जनने ही खूण 1926 साली सांगितली. आयएनआर 6च्या वर होता, हिमोग्लोबिन 7.2. कुशीवर वळवलं तर डायक्लोफिनॅकच्या जागी तळहाताएवढी वेगळी काळीनिळी सूज. पोटाच्या भिंतीतल्या रक्तस्रावाच्या जोडीला कमरेतला रक्तस्राव इंजेक्शनने दिला होता.

रक्त पातळ असलेल्या माणसाला स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. उतारा म्हणून द्यायचं व्हिटॅमिन केसुद्धा नाही, ते सलाइनमधून 20 ते 30 मिनिटं सावकाश. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बंद.

शेक आणि मालिश

दोन्ही नको. थंड पट्टी चालेल.

पहिल्या हिमोग्लोबिनवर निर्धास्त होणं

ताजा रक्तस्राव असेल तर पहिला रिपोर्ट चांगला येऊ शकतो, कारण रक्त जातं ते सगळ्या घटकांसकट जातं. आकडा उतरतो तो नंतर, शरीरातलं पाणी रक्तात ओढलं गेल्यावर. 4 ते 6 तासांनी पुन्हा तपासा. माझी स्वतःची सवय म्हणजे मार्करने गोळ्याची कड आखून शेजारी वेळ लिहिते. सकाळच्या डॉक्टरला फाइल उघडायच्या आधी कळतं की गोळा वाढला की नाही. त्वचेवर निळसर डाग दिसायची वाट बघू नका, ते बरेचदा दोन-तीन दिवसांनी उमटतात.

सुई घालून रक्त काढायची घाई

गोळा दिसला की नव्या डॉक्टरांचे हात शिवशिवतात. रक्त साचलंय, काढून टाकू. मी प्रत्येक वेळी थांबवते, आणि का ते सांगते.

हा स्नायू अभ्र्यात उशी असावी तसा पडद्यात बसलेला असतो. वरच्या भागात पडदा पुढूनही असतो आणि मागूनही, त्यामुळे साचलेलं रक्त स्वतःच्या दाबाने रक्तवाहिनी बंद करू शकतं. सुई घातली की तो दाब गेला, रक्तस्राव पुन्हा सुरू, आणि साचलेल्या रक्तात जंतुसंसर्गाला वाट मिळाली. नाभीच्या खाली एका रेषेनंतर मागचा भक्कम पडदा नसतो. तिथलं रक्त मूत्राशयाच्या पुढे ओटीपोटात पसरतं, लिटरभरही जमू शकतं, आणि बाहेरून गोळा लहानच दिसतो. म्हणून खालच्या गोळ्याला मी जास्त घाबरते. लघवी अडली तर त्याचं कारणही हेच असू शकतं.

घाई करायचीच तर सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनची करा. रक्त अजून गळताना दिसलं किंवा रक्त देऊनही बीपी टिकत नसेल, तर या स्नायूला रक्त देणारी इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक धमनी आतून बंद करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट लागतो. चाकू सगळ्यात शेवटी.

आयएनआर नॉर्मल म्हणून निश्चिंत राहणं

अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांचा असर आयएनआरमध्ये नीट दिसत नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) किती, हे विचारा. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब 5 ग्रॅम हा उतारा आहे. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर प्रोटामीनचा उतारा चालतो, त्याच जातीच्या एनोक्सापॅरिनवर मात्र तो अर्धवटच चालतो. किडनी कमजोर असेल तर एनोक्सापॅरिन शरीरात साठतं, म्हणून डोस कमी लागतो. आणि सिस्टर, पोटावर ते देताना चरबीची घडी चिमटीत धरा, नाभीपासून दूर कडेला टोचा, नंतर चोळू नका.

काहीच सुरू न करता ॲम्ब्युलन्समध्ये घालणं

संध्याकाळी घोडबंदर रोडवर पेशंट किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. निघण्याआधी दोन मोठ्या सुया लावा, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल काढा. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर व्हिटॅमिन के सुरू करा, त्याचा असर दिसायला काही तास लागतात. पीसीसी (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन) मिळतंय का, याचा फोन पोहोचायच्या आधीच जाऊ दे. ते नसेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) 10 ते 15 मिली प्रति किलो लागतो, आणि कमजोर हृदयाला तेवढं पाणी झेपेलच असं नाही. यांत्रिक झडप असेल तर व्हिटॅमिन केचा मोठा डोस देण्याआधी कार्डिऑलॉजिस्टशी बोला, कारण नंतर आयएनआर पुन्हा चढवणं अवघड जातं.

गोळी बंद केली आणि कुणी पुन्हा सुरूच केली नाही

ही चूक वॉर्डात दिसत नाही. पेशंट चालत घरी जातो, घरचे त्या गोळीला घाबरलेले असतात, आणि काही आठवड्यांनी तोच माणूस अर्धांगवायू होऊन येतो किंवा झडपेवर गुठळी होते. किती दिवसांनी सुरू करायचं ते कारणावर ठरतं. यांत्रिक झडपेला फार थांबता येत नाही, तिथे हिमोग्लोबिन स्थिर झालं की पुष्कळदा आधी हेपॅरिनचं ड्रिप लावतात, कारण ते लगेच थांबवता येतं. मी डिस्चार्ज कार्डवर औषधांच्या यादीच्याही वर लिहिते: कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून, पहिला आयएनआर कधी, आणि कोणत्या डॉक्टरला दाखवायचा. मग ते मुलाकडून किंवा सुनेकडून मोठ्याने वाचून घेते, आणि पेशंटच्या सोबत दुसरं कुणी आलं असेल तर त्यांच्याकडूनही.