मीसोचे ड्रेसिंग घरी: आधी आंबट, मग तेल

मीसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि कोजी यांचा आंबवलेला जपानी लगदा. तांदळावर किंवा जवावर एक विशिष्ट बुरशी वाढवली की कोजी तयार होते. सोयाबीन नाशिक जिल्ह्यात भरपूर पिकते, पण घरी कोजी लावणे हा वेगळाच उद्योग आहे, तेव्हा मीसो विकतच आणावा. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत चौकशी करावी, नाही मिळाला तर ऑनलाइन मागवावा. पहिल्यांदा करणाऱ्याने पांढरा मीसोच घ्यावा. तो कमी दिवस आंबवलेला, गोडसर आणि कमी खारट असतो. तांबडा जास्त मुरलेला, उग्र आणि बराच खारट असतो.

शाकाहारी घरात पाकिटावरची घटकांची यादी नीट वाचावी. काही मीसोंत ‘दाशी’ (जपानी सूपांचा मूळ अर्क) आधीच मिसळलेली असते आणि ती बहुधा बोनिटो माशाची असते. गव्हाची, जवाची ॲलर्जी असेल त्यांनी जवाचा मीसो टाळावा.

आता मिठाचे. कोशिंबिरीत मीठ आपण शेवटी, चवीने घालतो. इथे मीसो हेच मीठ, आणि ते सगळ्यात आधी पडते. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. 100 ग्रॅममध्ये 2400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 6 ग्रॅम मीठ. दोन मोठे चमचे मीसो सुमारे 35 ग्रॅम भरतो, म्हणजे त्यातून 2 ग्रॅमच्या आसपास मीठ आले. हाच आकडा 4800 असेल तर तेवढ्याच मीसोतून दुप्पट मीठ येते आणि कृती जशीच्या तशी केली तर ड्रेसिंग खाववणार नाही. तसा मीसो एकच मोठा चमचा घ्यावा आणि दाटपणासाठी तिळाचे कूट वाढवावे. वरून मीठ मात्र कशातच नको.

सव्वाशे मिलीच्या आसपास ड्रेसिंगसाठी (मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा):

पांढरा मीसो 2 मोठे चमचे
तांदळाचे किंवा सफरचंदाचे व्हिनेगर दीड मोठा चमचा
पाणी 1 मोठा चमचा
सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे तेल 3 मोठे चमचे
पांढरे तीळ 1 मोठा चमचा
किसलेले आले 1 छोटा चमचा
मध किंवा किसलेला गूळ 1 छोटा चमचा
लसणाची अर्धी पाकळी, हवी तर

किराणा दुकानातले स्वस्त पांढरे व्हिनेगर नाकात जाते. तेच वापरायचे असेल तर एक मोठा चमचा घ्यावे आणि पाणी दीड चमचा करावे. लिंबूही चालते, पण लिंबाचे ड्रेसिंग त्याच दिवशी संपवावे. दुसऱ्या दिवशी वास उडतो आणि कडवटपणा उरतो.

तिळाच्या तेलाबाबत नेहमी घोटाळा होतो. जपानी-चिनी स्वयंपाकातले गडद तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचे असते आणि ते वासापुरते, एक छोटा चमचा घालतात. आपल्याकडचे घाण्याचे तेल सहसा कच्च्या तिळाचे असते. ते वापरायला हरकत नाही, पण त्याला तो खमंग वास नसतो. म्हणून तीळच भाजून घ्यावेत. मंद आचेवर तीन-चार मिनिटे, तडतडायला लागेपर्यंत. रंग बिस्किटासारखा झाला की लगेच ताटलीत काढावेत. तव्यातच राहिले तर गॅस बंद असूनही पुढे भाजत राहतात आणि कडू होतात. गार झाले की खलबत्त्यात जाडसर कुटावेत. मिक्सरमध्ये तेल सुटून त्यांचा गोळा होतो.

खोलगट वाटीत मीसो आणि मध घ्या. पाणी थेंबाथेंबाने घालत चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला घोटा. एकही गुठळी दिसता कामा नये. मग व्हिनेगर, आले, लसूण घाला आणि पुन्हा सारखे करा. हे मिश्रण चमच्यावरून ओघळेल इतके पातळ झाले, की मगच तेल. ताकाच्या लहान रवीने घुसळत तेलाची बारीक धार सोडा. सोयाबीनमधली प्रथिने आणि मीसोचे बारीक कण तेलाच्या थेंबांना वेढून धरतात, त्यामुळे ड्रेसिंग दुधाळ आणि दाट होते. शेवटी तिळाचे कूट. बरणीत घालून हलवले तरी चालते, पण मीसो आधी विरघळवलेला हवा. मीसोवर थेट तेल ओतले की गुठळ्यांभोवती तेल बसते आणि मग कितीही घुसळा, त्या फुटत नाहीत. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एवढेसे मिश्रण पात्यांना लागतच नाही. चटणीचे भांडे घ्या.

चव नुसत्या चमच्याने बघू नका, खारटच लागेल. काकडीची फोड बुडवून बघा. खरेच खारट झाले असेल तर पाणी वाढवू नये, त्याने ड्रेसिंग बेचव आणि पातळ होते. तेल आणि तिळाचे कूट वाढवावे. तेल वेगळे झाले तर दुसऱ्या वाटीत छोटा चमचाभर मीसो पाण्यात घोटून त्यात फुटलेले ड्रेसिंग थोडे थोडे घुसळत घालावे, ते पुन्हा जुळून येते.

पाव किलो भाजीला तीन मोठे चमचे पुरतात. कोबी, गाजर, मुळा, वाफवलेली मोडाची मटकी, सगळ्यांना हे जमते. जानेवारी ते एप्रिल नाशकात द्राक्षांची चंगळ असते. हिरवी बिनबियांची द्राक्षे नीट धुऊन, अर्धी चिरून कोबीत घालावीत आणि मध निम्मा करावा. खारट-आंबट मीसोपुढे द्राक्षाचा गोडवा उठून दिसतो. काकडी, टोमॅटो असेल तर ड्रेसिंग पानावर वाढतानाच घाला. मिठाने भाजीला पाणी सुटते आणि दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी डबके होते.

कच्चे आले-लसूण असल्याने ड्रेसिंग फ्रिजमध्येच ठेवावे आणि चार-पाच दिवसांत संपवावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओट्यावर विसरू नये. मीसोचे पाकीटही उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे, कोरडाच चमचा वापरावा आणि वरून बटर पेपर चिकटवून हवा बंद करावी. काही महिन्यांनी रंग गडद होतो, तो बिघाड नव्हे.

उरलेसुरले ड्रेसिंग तव्यावर भाजलेल्या वांग्याच्या कापांना छान लागते. मात्र काप खाली उतरवल्यावरच लावावे, कारण मध आणि मीसो तव्यावर बघता बघता करपतात.