छोट्या व्यवसायासाठी ब्लॉग आणि समाजमाध्यमे कशी वापरावीत

नवा व्यवसाय सुरू करणारी बहुतेक माणसे फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा मिळेल त्या सर्व ठिकाणी एकाच दिवशी खाती उघडतात, पहिले काही आठवडे सवलतीच्या जाहिराती आणि शुभेच्छांची चित्रे टाकतात, आणि तिसऱ्या महिन्यात तिथे शुकशुकाट होतो. मेहनत कमी पडली असे क्वचितच असते. बहुधा क्रम चुकलेला असतो. आधी ग्राहकाचे प्रश्न गोळा करायचे, मग त्यांची उत्तरे आपल्या मालकीच्या जागेवर लिहायची आणि त्यानंतरच ती उत्तरे घेऊन समाजमाध्यमांवर जायचे, हा क्रम पाळला तर एकट्याने धंदा सांभाळणाऱ्या माणसालाही हे काम झेपते.

सुरुवात प्रश्नांच्या वहीपासून

कोणतेही खाते उघडण्याआधी दोन-तीन आठवडे एक वही जवळ ठेवावी आणि फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा समोरासमोर ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. शब्द बदलू नयेत, कारण ग्राहक जे शब्द तोंडाने बोलतो, साधारण तेच तो गूगलवर टंकतो. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणारा कारागीर आपल्या कामाला ‘कीटकप्रतिबंधक प्रक्रिया’ म्हणत असेल, पण ग्राहक विचारतो, “खुर्चीखाली रोज भुसा पडतोय, खुर्ची टाकून द्यावी लागेल का?” या एका वाक्यात लेखाचा विषय, त्याचे शीर्षक आणि ग्राहकाची काळजी, तिन्ही गोष्टी आहेत. किती दिवस लागतील, किती खर्च येईल, काम बिघडले तर काय, असे अडचणीचे प्रश्नही टाळू नयेत. खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा त्यांच्यावरच अडलेला असतो.

मग स्वतःची जागा

समाजमाध्यमावरचे पान आपले वाटत असले, तरी त्याचे नियम दुसऱ्याच्या हातात असतात. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, छोट्या व्हिडिओंचे वाइन 2017 मध्ये गेले आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये गुंडाळले गेले. तिथे वर्षानुवर्षे जमवलेले वाचक कोणालाही बरोबर नेता आले नाहीत. माध्यम बंद पडले नाही तरी धोका राहतोच. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना अधिक प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि व्यवसायांच्या पानांवरच्या पोस्ट फुकटात लोकांपर्यंत पोहोचणे आणखी अवघड झाले. म्हणून मूळ मजकूर स्वतःच्या ब्लॉगवर असावा आणि समाजमाध्यमांनी लोकांना तिथवर आणावे.

ब्लॉगसाठी दोन सरळ मार्ग आहेत. ब्लॉगर ही गूगलची मोफत सेवा असून तिला स्वतःचे डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, जोडता येते. मांडणीला मर्यादा असल्या तरी सुरुवातीला ती पुरते. वर्डप्रेस हे 2003 पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवण्यासाठीच्या जागेचा, खर्च येतो, पण पुढे साइट वाढवायला मोकळीक मिळते. निवड कोणतीही करा, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. साइट बनवून देणाऱ्याने ते सोयीसाठी आपल्या नावावर घेतले आणि पुढे त्याच्याशी संपर्क तुटला, तर व्यवसायाचा पत्ताच दुसऱ्याच्या खिशात राहतो. डोमेनचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्थाही त्याच वेळी करून टाकावी. कामाची माहिती, कामाच्या वेळा, सेवा कोणत्या भागात मिळते आणि संपर्क, एवढे एका पानावर स्पष्ट असले की लेखनाला लागता येते.

पहिला लेख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. वहीत सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न घ्यावा आणि शीर्षकात तो जवळजवळ जसाच्या तसा वापरावा. ‘लाकडी सामानाची निगा’ या शीर्षकापेक्षा ‘खुर्चीखाली भुसा पडतोय? खुर्ची वाचेल का, हे असे ओळखा’ हे शीर्षक शोधणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

उत्तर पहिल्या परिच्छेदातच द्यावे. लेख शेवटपर्यंत वाचला जावा म्हणून उत्तर दडवून ठेवण्याची युक्ती वाचकाला लगेच कळते आणि तो परत फिरतो. वरच्या उदाहरणात सुरुवातीलाच सांगता येईल की बारीक गोल छिद्रे आणि कोरडा भुसा दिसत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा असण्याची शक्यता अधिक, मातीच्या नळ्या दिसत असतील तर वाळवी, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. त्यानंतर वाचकाला घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी द्यावी: खुर्चीखालची जागा पुसून गडद रंगाचा कागद पसरावा, काही दिवस खुर्ची हलवू नये आणि कागदावर फिकट रंगाचा ताजा भुसा साचतो का ते पाहावे. साचत असेल तर कीड अजून जिवंत असावी. काहीच साचले नाही तर छिद्रे जुनी असू शकतात, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये, कारण किडीच्या अळ्या दीर्घकाळ लाकडाच्या आत राहतात. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. अशी माहिती हाताने काम करणाऱ्याकडेच असते आणि ती वाचून अनोळखी माणसाचा विश्वास बसतो.

धंद्याची गुपिते फुकट का वाटावीत, अशी शंका इथे हमखास येते. माझ्या मते ती निराधार आहे: ज्याला स्वतःच दुरुस्ती करायची आहे तो तशीही करणार, आणि ज्याला ती करून घ्यायची आहे तो ज्याने नीट समजावून सांगितले त्याच्याकडेच जातो. दुरुस्ती कधी करू नये, हेही लेखात लिहावे. ‘पाय आतून पोकळ झाले असतील तर दुरुस्तीवर पैसे घालू नका’ हे वाक्य वरकरणी गिऱ्हाईक घालवणारे आहे, पण बाकीच्या लेखाला वजन त्यानेच येते. नेमका दर सांगता येत नसेल तर खर्च कशावर ठरतो, म्हणजे आकार, लाकडाची जात, पोखरलेला भाग, घरी येऊन काम करायचे की नाही, हे तरी सांगावे. ‘दरासाठी संपर्क साधा’ एवढेच वाचून अनेकजण फोन न करताच निघून जातात.

छायाचित्रे स्वतःच्या कामाची असावीत: भुशाची, छिद्रांची, दुरुस्तीआधीची आणि नंतरची. विकतची गुळगुळीत चित्रे इथे काहीच सांगत नाहीत. प्रत्येक छायाचित्राला त्यात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर द्यावा. दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतात आणि गूगललाही चित्र समजायला मदत होते. लेखाच्या वेबपत्त्यात देवनागरी अक्षरे असली तर तो कॉपी केल्यावर अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक ओळ होते, त्यामुळे तेवढा भाग रोमन लिपीत आणि छोटा ठेवणे सोयीचे. लेखाच्या शेवटी पुढे काय करायचे ते एकाच वाक्यात सांगावे, उदाहरणार्थ, छिद्रांचे छायाचित्र अमुक क्रमांकावर पाठवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घ्यावेत का, हा प्रश्न आता प्रत्येकालाच पडतो. गूगलने 2023 मध्ये स्पष्ट केले की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयुक्त आहे का हे महत्त्वाचे, आणि मार्च 2024 मध्ये केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध धोरण आणले. शुद्धलेखन किंवा मांडणी सुधारण्यासाठी असे साधन जरूर वापरावे. कागदावर पडलेला भुसा मात्र त्याने पाहिलेला नसतो.

माध्यमांची निवड

समाजमाध्यमांच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करून घ्यावे. नोव्हेंबर 2021 पर्यंत हीच सेवा गूगल माय बिझनेस या नावाने ओळखली जात होती. ती मोफत आहे, आणि जवळपास सेवा शोधणाऱ्याला नकाशावर आपले नाव, वेळा आणि अभिप्राय तिच्यामुळे दिसतात.

त्यानंतर एक, फार तर दोन माध्यमे निवडावीत. पाहताक्षणी आवडेल असे काम असेल तर इन्स्टाग्राम, कृती दाखवावी लागत असेल तर यूट्यूब, ग्राहक म्हणजे दुसरे व्यवसाय असतील तर लिंक्डइन. कोणते घ्यावे हे कळत नसेल तर शेवटच्या काही ग्राहकांना ते कुठे वेळ घालवतात हे सरळ विचारावे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे 2018 मध्ये आलेले अ‍ॅप या सगळ्यांच्या जोडीला ठेवावे. त्यात कामाचा कॅटलॉग, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे आणि ग्राहकांना लेबल लावण्याची सोय आहे. नेहमीच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच संदेश एका वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीतून, पाठवलेला संदेश मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून काम पूर्ण झाल्यावर क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. ज्याने परवानगी दिली नाही त्याला संदेश पाठवू नयेत. वैतागलेला माणूस आपला क्रमांक ब्लॉक करतो आणि तक्रारही नोंदवतो.

एका लेखातून अनेक पोस्ट

‘आज काय टाकायचे’ ही रोजची चिंता इथे मिटते. भुशाच्या लेखातील कागदाची तपासणी अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवता येते, भुंगा आणि वाळवी यांतला फरक दोन छायाचित्रांतून, ‘दुरुस्ती कधी करू नये’ हा मुद्दा चार ओळींच्या पोस्टमधून. अनेकजण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात, म्हणून बोललेले शब्द अक्षरांत पडद्यावर द्यावेत. इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातील लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलमध्ये द्यावी किंवा स्टोरीत लिंकचे स्टिकर लावावे. महिन्याला एक चांगला लेख आणि आठवड्याला त्यातले एक-दोन तुकडे, एवढी गती बहुतेकांना पेलते.

ग्राहकाच्या घरातील छायाचित्र वापरण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकारही जपून ठेवावा. व्हिडिओला मागे लावलेल्या गाण्याचे हक्क असतात आणि खासगी खात्यावर चालणारे गाणे व्यावसायिक खात्याला वापरता येईलच असे नाही.

उत्तरे, तक्रारी आणि अभिप्राय

पोस्टखाली आलेल्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो त्याच दिवशी द्यावे. तक्रार आली तर ती पुसून टाकण्याचा मोह आवरावा. ‘आपली गैरसोय झाली, कामाचा तपशील आम्हाला खासगी संदेशातून कळवा’ असे थोडक्यात सर्वांसमोर लिहावे, बाकीचे बोलणे खासगीत करावे आणि प्रश्न सुटल्यावर काय केले ते पुन्हा त्याच ठिकाणी एका ओळीत नोंदवावे. हा संवाद तक्रारदारापेक्षा पुढे येणारे ग्राहक जास्त बारकाईने वाचतात.

समाधानी ग्राहकाकडे अभिप्राय मागण्यात संकोच नसावा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नये. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. विकत घेतलेले फॉलोअर तर शुद्ध तोटा आहेत, कारण ते ना पोस्ट वाचतात, ना काम देतात, आणि खरा वाचक किती हे कळणेही त्यांच्यामुळे कठीण होते.

खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, लावून ठेवावी आणि पानाची पूर्ण सूत्रे केवळ एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती देऊ नयेत.

काय मोजावे

लाइक मोजायला सोपे आहेत, म्हणून सगळे तेच मोजतात. मोजायची ती चौकशी. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळले’ हे विचारून त्याच वहीत नोंदवावे. महागड्या साधनांपेक्षा ही नोंद बहुधा अधिक खरे बोलते. तिच्या जोडीला गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन साइटला जोडावे. लोकांनी काय शोधल्यावर आपला लेख दिसला आणि त्यातल्या किती वेळा तो उघडला गेला, हे त्यात कळते. पुष्कळदा दिसूनही उघडला जात नसेल तर आधी शीर्षक बदलून पाहावे. आपण न लिहिलेल्या विषयाचे शब्द तिथे दिसू लागले तर पुढच्या लेखाचा विषय आयता मिळाला. नव्या साइटला शोधात वर यायला काही महिने लागू शकतात, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात निराश होऊ नये. जाहिरातीवर पैसे घालायचे असतील तर खर्च न करताही ज्या पोस्टमुळे चौकशा आल्या, तिच्यावरच थोडे घालून पाहावेत.

सहा महिन्यांनी नोंदी समोर घेऊन बसावे. चौकशा आणणारे लेख पुन्हा वाचून बदललेली माहिती दुरुस्त करावी आणि सुधारल्याची तारीख टाकावी. एखाद्या माध्यमाकडून एकही चौकशी आली नसेल तर ते सोडायला हरकत नाही. फक्त जाताना तिथे साइटचा पत्ता आणि फोन क्रमांक देणारी शेवटची पोस्ट सर्वांत वर लावून ठेवावी आणि शक्य असेल तर संदेश स्वीकारणे बंद करावे, म्हणजे तिकडे चुकून गेलेला ग्राहक उत्तराची वाट पाहत बसणार नाही.