ॲम्पमधली शीळ शोधताना: कार ऑडिओच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

वायर ओढता येते, क्रॉसओव्हर कळतो, ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) गेनचा स्क्रू कुठे असतो तेही माहीत आहे. तरी "आवाजात काहीतरी येतंय" म्हणून गाडी परत आली की हात थांबतात. माझेही थांबायचे. गिऱ्हाईक शेजारी उभं असताना ते किती जड जातं, ते मला अजून आठवतं.

मीटर काढण्याआधी नुसतं ऐका. इंजिन बंद असताना शांत, सुरू केल्यावर शीळ, आणि ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढते, तर वाट अल्टरनेटरकडे जाते. इंजिन बंद असतानाही एकसारखं "स्स्स" येत असेल तर आधी गेन बघा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टीरिओच्या आरसीएतून (स्टीरिओचा आवाज ॲम्पकडे नेणाऱ्या केबलीतून) किती व्होल्ट येतात, त्याच्याशी ॲम्प जुळवायची ती सोय आहे. दोन व्होल्टच्या स्टीरिओला आणि चार व्होल्टच्या स्टीरिओला एकच गेन लावून चालत नाही.

शीळ असेल तर सिस्टीम बंद करून ॲम्पमधून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शीळ राहिली तर ॲम्पची पॉवर, अर्थ (ॲम्पचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर) किंवा स्पीकरच्या वायरी तपासा. शीळ गेली तर मात्र "केबल खराब" असं लगेच ठरवू नका. आरसीए काढताच स्टीरिओ आणि ॲम्प यांच्यातला लूप (दोघांच्या अर्थमधून बनलेला बंद मार्ग) तुटतो, म्हणून शीळ जाते. दोष तेव्हाही अर्थमध्ये असू शकतो. महागड्या केबलींवर सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आता ज्याने मला सर्वात जास्त छळलं ते सांगतो, आणि सविस्तर सांगतो. अर्थ तपासताना सगळे मीटर कंटिन्युइटीवर ठेवतात. बीप वाजला की अर्थ चांगला, असं धरतात. त्या बीपवर विश्वास ठेवू नका. मीटर त्या वायरीतून नगण्य करंट सोडतो, आणि कितीतरी मीटर वीस-तीस ओहमपर्यंत बीप देतात. मोठा ॲम्प जोरात वाजताना तीस अँपिअर ओढत असेल आणि बोल्टखाली रंग राहिल्यामुळे फक्त 0.05 ओहम अडथळा असेल, तर 0.05 गुणिले 30, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच पडतात. मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच अडथळा याहून जास्त असतो, त्यामुळे ओहमवर तो दिसणारच नाही. ॲम्पच्या अर्थचा व्होल्टेज वर उचलला जातो, स्टीरिओचा खालीच राहतो, आणि या फरकामुळे आरसीएच्या शील्डमधून (केबलीच्या बाहेरच्या जाळीतून) करंट वाहू लागतो. त्यात अल्टरनेटरची रिपल (व्होल्टेजचा बारीक चढउतार) असते. तीच तुम्हाला शीळ म्हणून ऐकू येते.

म्हणून करंट वाहत असतानाच मोजा. इंजिन सुरू, बास असलेलं गाणं जोरात, मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरा लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत व्हा. अर्धा व्होल्ट दिसला तर दुसरा प्रोब बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर आणा. फरक तिथेही तेवढाच असेल तर दोष तुमच्या वायरीत, लगमध्ये (वायरीच्या टोकाची धातूची कडी) किंवा बोल्टखाली आहे. नसेल तर बॅटरीपासून बॉडीला येणारी कंपनीची वायर बघा, जुन्या गाडीत ती अनेकदा गंजलेली असते.

बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. लग वायरीवर दाबून नीट क्रिंप करा. अर्थची वायर पॉवरच्याच जाडीची घ्या, शक्यतो 45 सेंटिमीटरच्या आत ठेवा. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज तिथेच धरतो. आणि सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. कधीच नाही. तो माणसाच्या जिवासाठी आहे.

चालू सिस्टीममध्ये आरसीए काढू-घालू नका. काही स्टीरिओंमध्ये आरसीएच्या अर्थला आत बारीक फ्यूज असतो, तो उडाला की बाकी सगळं बरोबर असूनही शीळ सुरू होते. शंका आली तर आरसीए काढलेला ठेवून स्टीरिओच्या सॉकेटची बाहेरची कडी आणि स्टीरिओची बॉडी यांच्यात ओहम मोजा. जवळपास शून्य यायला हवं.

नॉइज फिल्टर लावून गाडी परत देणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून वायरिंगची सफाई शिका, ही सवय घेऊ नका. आरसीएच्या मधे लावायच्या स्वस्त आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते खालचा बास खातात. वूफरसाठी पैसे मोजणाऱ्याला तो पडलेला बास कळतो. फोन चार्जिंगला आणि ऑक्स वायरवर असतानाच शीळ येते, त्या एका ठिकाणी मी आयसोलेटर लावतो, कारण तिथे चार्जरचा अर्थ आपल्या हातात नसतो.