गायींसोबत काम सुरू करताना: धोका कुठे असतो आणि तो कसा टाळावा

पशुवैद्यकीय शिक्षणासाठी किंवा दुग्धव्यवसायातील नोकरीसाठी जे नव्याने गोठ्यात पाऊल ठेवतात, त्यांच्या मनात भीती असते ती शिंगांची आणि लाथेची. ही भीती रास्त आहे, पण अपुरी आहे. या कामात गंभीर जायबंदी झालेली जी माणसे मी पाहिली, त्यांतली बरीचशी दबली गेली होती: गाय आणि भिंत, गाय आणि फाटक किंवा गाय आणि जमीन यांच्या मध्ये सापडली होती. मोठ्या होल्स्टीन गायीचे वजन ६०० ते ७०० किलो भरते आणि लहानखुऱ्या जर्सीचेही ४०० किलोंच्या आसपास असते. अशा जनावराने माशी वारण्यासाठी नुसते अंग फिरवले, तरी मध्ये उभ्या असलेल्या माणसाची बरगडी मोडू शकते. त्यासाठी तिला राग यावा लागत नाही. म्हणून गाय गरीब आहे की मारकी, हे विचारण्याआधी आपण कुठे उभे आहोत आणि तिथून बाहेर कसे पडणार आहोत, हे पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

अमेरिकेतील आयोवा, कॅन्सस, मिझुरी आणि नेब्रास्का या चार राज्यांत २००३ ते २००८ या काळात गुरांमुळे झालेल्या २१ मृत्यूंची तपासणी झाली होती. त्यांपैकी १० मृत्यू वळूमुळे, ६ एकेकट्या गायीमुळे आणि ५ एकाहून अधिक जनावरांमुळे झाले होते. मृतांपैकी दोनतृतीयांश माणसे साठीची किंवा त्यापुढची होती, आणि सुमारे एकतृतीयांश घटनांमध्ये त्या जनावराने आधीही आक्रमकपणा दाखवलेला होता. यातली शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तो धोका आधीच ठाऊक होता. नव्या ठिकाणी रुजू होताना कोणती गाय लाथ मारते, कोणती व्याल्यावर अंगावर येते आणि कोणती अनोळखी माणसाला बुजते, हे जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. असे विचारण्यात कमीपणा नाही.

गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला सभोवतालचे तीनशे अंशांहून अधिक दिसते. मात्र थेट पाठीमागचे काहीच दिसत नाही आणि खोलीचा अंदाज तिला नीट येत नाही. जमिनीवरची सावली, गटाराची जाळी किंवा पाण्याचे डबके पाहून ती अचानक थबकते, ते याच कारणाने. तिच्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, तिला दिसेल असे, शांत आवाजात बोलत जावे आणि पहिला हात खांद्यावर किंवा पाठीवर ठेवावा. मागून येऊन एकदम कासेला हात लावला की लाथ बसते, आणि त्यात गायीचा दोष नसतो.

लाथेबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घोडा सरळ मागे लाथ झाडतो. गाय पाय पुढे घेऊन तो बाजूला आणि मागे असा फिरवून मारते. त्यामुळे पाठीमागे उभे न राहिल्याने आपण सुरक्षित झालो, असे होत नाही. एकतर तिच्या आवाक्याच्या पूर्ण बाहेर राहावे, नाहीतर अंगाला अगदी चिकटून उभे राहावे, कारण जवळून बसलेली लाथ ढकलल्यासारखी लागते, तर हातभर अंतरावर तिचा पूर्ण जोर बसतो. चिकटून उभे असताना एक हात तिच्या मांडीवर किंवा कुशीवर असू द्यावा. माशी बसली की फक्त कातडी थरथरते. लाथ येणार असेल तर हाताखालचा स्नायू ताठ होतो आणि शरीराचा भार दुसऱ्या पायावर सरकतो. हा फरक काही दिवसांत हाताला कळू लागतो आणि मागे सरायला तेवढा वेळ पुरतो. तपासणीच्या वेळी सोबत्याने शेपूट मुळाशी धरून सरळ वर उचलली, तर बहुतेक गायी लाथ मारत नाहीत. पण शेपटीच्या टोकाकडे धरून जोर लावल्यास तिचे हाड मोडते, म्हणून पकड मुळाशीच हवी.

गाय हलवताना ओरडणे आणि शेपूट पिळणे या दोन्ही गोष्टी कायमच्या सोडाव्यात. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कक्षा असते. आपण तिच्या कडेवर पाऊल ठेवले की ते चालू लागते आणि आपण फार आत घुसलो की उधळते किंवा उलटते. गुरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी समजावून सांगितलेले तंत्र असे की, खांद्याच्या रेषेच्या मागे उभे राहिल्यास गाय पुढे जाते आणि रेषेच्या पुढे आल्यास मागे सरते. कळपातून एकटी काढलेली गाय घाबरून कुंपणावर किंवा माणसावर झेप घेऊ शकते. तिच्यासोबत दुसरी गाय ठेवली की काम निम्मे सोपे होते. दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. गाय पळाली तर गुंडाळलेली दोरी सोडता येत नाही आणि बोटे तुटतात. खुंट्याला बांधतानाही एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारावी.

व्याण्याच्या काळाविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण एरवी लहान मुलांनाही जवळ येऊ देणारी गाय या काळात ओळखू येत नाही. नुकतीच व्यालेली गाय वासराला चाटत खालच्या सुरात सतत हुंकार देत असते. आपण वासराकडे निघालो की तो हुंकार थांबतो. ती मान वर करून आपल्याकडे एकटक पाहते, मग डोके खाली घेते आणि आपण व वासरू यांच्या मध्ये येऊन उभी राहते. नवखा माणूस इथे तिला चुचकारत पुढे सरकतो, आणि नेमके तेच करायचे नसते. तिने धडक देऊन माणसाला पाडले, तर ती तिथे थांबेलच असे नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाला ती डोक्याने दाबते आणि तुडवते. वासराच्या नाळेला आयोडीन लावायचे असो की वासरू हलवायचे असो, आधी गाय बांधावी किंवा आडव्या फाटकापलीकडे घ्यावी. वासरू तिला दिसत राहील असे ठेवावे आणि आपण स्वतः वासरू व गाय यांच्या मध्ये कधीही येऊ नये. सोबत कुत्रा नसावा. मोकळ्या कुरणात कुत्र्यामुळे गायी अंगावर आल्या, तर कुत्र्याला सोडून द्यावे, कारण त्यांचा रोख त्याच्यावर असतो आणि तो पळून निसटू शकतो.

वळूच्या बाबतीत माणसाळलेपणावर मुळीच विसंबू नये. दुधाळ जातींचे वळू आणि त्यातही कळपापासून वेगळे, हातावर वाढवलेले वळू सर्वांत धोकादायक ठरतात, कारण ते माणसाला प्रतिस्पर्धी समजतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९८१ च्या कायद्याने सार्वजनिक वाट जाणाऱ्या शेतात दहा महिन्यांवरील दुधाळ जातीचा वळू मोकळा ठेवण्यास बंदी आहे. मान कमानीसारखी करून शरीराची पूर्ण बाजू दाखवणे, खुराने माती उकरणे, डोके खाली घेऊन फुरफुरणे या त्याच्या इशाऱ्यांनंतर तिथे थांबू नये. पाठ न फिरवता, त्याच्यावर नजर ठेवत, तिरके मागे सरत कुंपण गाठावे. वळूच्या आवारात एकट्याने जाऊ नये.

रोगांचा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. व्याल्यावर अडकून राहिलेली वार (गर्भवेष्टन) उघड्या हातांनी काढल्याने ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार होऊ शकतो, आणि पिसाळलेल्या, म्हणजे रेबीज झालेल्या गायीला घशात काही अडकल्यासारखी लाळ गळते. तेव्हा कारण कळल्याशिवाय तिच्या तोंडात हात घालू नये. हातमोजे नेहमी वापरावेत आणि टोपण काढलेली सुई खिशात ठेवून गायींमध्ये फिरू नये.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी गोठा एकदा पायी फिरून पाहावा. उपचारासाठी खोडा (गायीला उभ्याने अडकवून ठेवायची चौकट) आहे का, आवारातून माणूस अंग चोरून निसटेल पण गाय जाणार नाही अशी फट आहे का, फाटके नीट अडकतात का आणि रात्रीच्या व्याण्याला दुसरा माणूस सोबत मिळतो का, हे स्पष्ट विचारावे. पोटावर किंवा छातीवर धडक बसली असेल, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गायीची धडक बसल्याचे त्यांना नेमके सांगावे, म्हणजे आतल्या रक्तस्रावाची तपासणी वेळेत होईल.