ठासणीच्या बंदुकीच्या नळीतला गंज असा काढला

कोकणातल्या दमट हवेत ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीची नळी आतून गंजायला वेळ लागत नाही. काळ्या दारूची राख ओलावा धरून ठेवते. आमची बंदूक शेतीसंरक्षण परवान्यावरची, वापर थोडाच.

आधी ती रिकामी असल्याची खात्री केली. गज (ठासायची सळई) नळीत तळापर्यंत सोडला, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण केली आणि तोच गज बाहेरून लावून पाहिला. टोक थेट निपलपर्यंत (जिच्यावर टोपी बसते त्या बोंडीपर्यंत) आलं, म्हणजे आत बार, म्हणजे भरलेली दारू आणि छर्रे, नाही. हे केल्याशिवाय कुणीही पुढे जाऊच नये!

निपल काढून कढत पाणी ओतलं, काळं यायचं थांबेपर्यंत. नळी तापली की आपोआप सुकते. मग निपलच्या भोकाला लाकडी खुंटी मारून रॉकेल भरलं आणि चुलीपासून लांब रात्रभर उभी ठेवली. सकाळी पितळी ब्रश. ॲसिड, पॉलिश पेपर अजिबात नको. चिंधी आधी विटकरी निघाली, मग राखाडी, शेवटी जवळपास पांढरी.

बॅटरीच्या उजेडात तळाशी बारीक टिपके दिसतात. खोल खड्डे असते तर परवानाधारक कारागिराकडेच दिली असती. आता आत शिवणयंत्राचं तेल लावून तोंड खाली करून ठेवलीय. बार भरण्याआधी ते तेल पुसून काढायचं.